लोखंडी नांगर, ‘अडाणी’ शेतकरी आणि वाचनालयातली कपाटे



एक गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमिनीत विष भिनते, म्हणून कोणी नांगर घेईना. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. पण लक्ष्मणराव डगमगले नाहीत आणि पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. गोष्ट चांगली आहे, मुलांना सांगण्यासारखी आहे. जिद्दीचा धडा तिच्यात आयता मिळतो.

माझ्या भाचीची मुलगी एमबीए करते. तिला ‘जुनी कंपनी, तिचे उत्पादन आणि बाजारपेठ’ असा प्रकल्प होता आणि तिने हाच नांगर निवडला. तिने मला दाखवलेल्या टिपणात एक ओळ होती: ‘ग्राहकाचे अज्ञान व अंधश्रद्धा यामुळे सुरुवातीला विक्री नाही.’ मी म्हटले, “अगं, हे कुठे मिळाले?” म्हणाली, “आजी, सगळीकडे हेच आहे. दहा ठिकाणी पाहिले.” दहा ठिकाणी होते हे खरे, पण ते एकाच ठिकाणाहून दहा जागी गेलेले होते. आणि मला ती ओळ जरा लागली, कारण हा जो अज्ञानी ग्राहक, तो म्हणजे माझे आजोबा. आमचे गाव वाळवे तालुक्यातले, कृष्णाकाठचे. आजोबांनी आयुष्यभर बाभळीच्या लाकडाचा नांगर चालवला. लोखंडी नांगर आमच्या घरात आला तो त्यांच्या उतारवयात, तोही भावकीत सामाईक. ते शिकलेले नव्हते हे खरे. पण व्यवहारात त्यांना कोणी फसवल्याचे मी ऐकले नाही.

एक साधी शंका मनात आली. लाकडी नांगर म्हणतात तो सगळा लाकडाचा कुठे असतो? रुमणे लाकडाचे, दांडी लाकडाची, पण जमिनीत जातो तो फाळ लोखंडाचाच! गावचा लोहार तो दरसाल शेवटून द्यायचा. म्हणजे या मातीत शेकडो वर्षे लोखंड फिरतच होते. मग विषाची भीती एकाएकी कुठून आली? कोणी तसे बोलले नसेल असे मी म्हणत नाही. गिऱ्हाईक नको असलेल्या मालाला काहीतरी नाव ठेवतेच. भाजी महाग वाटली की आपणही ‘शिळी दिसते’ म्हणतो आणि पुढे जातो. पण दुकानदाराने ‘या बाईंना भाजीतले कळत नाही’ असे लिहून ठेवले आणि शंभर वर्षे तेच छापले गेले, तर?

म्हणून ठरवले की या मुलीला घेऊन वाचनालयात बसायचे आणि एका नांगराचा माग काढायचा. तो कसा काढला आणि काय हाती लागले, ते इथे सांगते. ज्यांना एखाद्या जुन्या कारखान्याचा, साबणाचा, कंदिलाचा किंवा आपल्याच घराण्यातल्या बुडालेल्या धंद्याचा शोध घ्यायचा असेल त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

पहिली अडचण कपाटांची. ग्रंथालयात ड्युईची दशांश पद्धत असते हे आपण जाणतो. १८७६ साली मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने ती काढली आणि आजही जगभर चालते. तिच्यात कंपन्यांचा इतिहास ३३८.७ मध्ये जातो, शेतीची अवजारे ६३१.३ मध्ये, जाहिरात ६५९.१ मध्ये आणि कारखानदाराचे चरित्र ९२० मध्ये. म्हणजे एकाच नांगराचे चार तुकडे होऊन चार भिंतींना लागलेले! विद्यार्थी बहुधा ३३८ पाशी जातो, तिथले पुस्तक उचलतो आणि घरी येतो. तिथे त्याला कंपनीचे म्हणणे मिळते. गिऱ्हाइकाचे म्हणणे तिथे नसते, ते दुसऱ्याच खोलीत धूळ खात असते. जुन्या वाचनालयांत तर पुष्कळदा नुसत्या दाखल क्रमांकानेच पुस्तके लावलेली. तिथे ग्रंथपालांशी गोड बोलण्यावाचून गत्यंतर नाही. आणि खरे सांगायचे तर तीच उत्तम पद्धत आहे.

आधी कंपनीचे म्हणणे ऐकून घेऊ, तो तिचा हक्क आहे. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष निघाला म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. (शिक्षक म्हटल्यावर मला जास्तच आपुलकी!) बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आपण त्याला वाङ्मयीन मासिक म्हणून ओळखतो, पण जन्माच्या वेळी ते कारखान्याचे, गिऱ्हाइकांपर्यंत पोचण्यासाठी काढलेले पत्रक होते. कंपनीचा अभ्यास करणाऱ्याला हे सोन्याचे नाणे आहे. कारखाना काय विकतो, कोणाला विकतो, एजंट कुठे आहेत, कशाची फुशारकी मारतो आणि कशाबद्दल गप्प बसतो, हे सगळे अशा पत्रकांतून दिसते. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे इंग्रजी आत्मचरित्र १९८२ मध्ये आले, तेही वाचावे.

दुसरा थांबा जाहिरातींचा. वर्तमानपत्रांच्या जुन्या बांधीव फाइली मागवल्या की आपण अग्रलेख वाचत बसतो. कंपनीचा शोध घेणाऱ्याने उलटे करावे, अग्रलेख सोडून कडेच्या चौकटी वाचाव्यात. ‘केसरी’ १८८१ पासूनचा आहे, शिवाय मासिके आणि दिवाळी अंक आहेत. मी त्या मुलीला एक वही आखून दिली. तारीख, माल, किंमत, पत्ता, रोख की व्ही. पी., प्रशस्तिपत्र कोणाचे, आणि जाहिरात किती वेळा आली. सहा महिन्यांनी जाहिरात बंद झाली तर का, हा प्रश्न पडतो. किंमत उतरली तर स्पर्धक आला असेल. प्रशस्तिपत्र इनामदाराचे असेल तर माल इनामदार घेतो, सात एकरवाला घेत नाही, हे न सांगता कळते. जाहिरात खोटे बोलू शकते, पण आपण कोणाशी बोलतो आहोत हे तिला लपवता येत नाही. वर्तमानपत्रातली जाहिरात मुळात वाचता येणाऱ्यांसाठीच असते, एवढी साधी गोष्टही आपण विसरतो.

तिसरे कपाट डिरेक्टऱ्यांचे. थॅकरची डिरेक्टरी, टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी, शेअरबाजाराची अधिकृत डिरेक्टरी अशी जाडजूड पुस्तके मोठ्या ग्रंथालयांत असतात आणि त्यांना फारसे कोणी हात लावत नाही. कोणत्या गावात कोणाची पेढी, कोण कोणाचे एजंट, भांडवल किती, डिव्हिडंड किती, हे त्यांत सापडते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या पुस्तकांत लिमिटेड कंपन्या आणि मोठ्या पेढ्याच येतात. गावचा सुतार, जो नांगराचा खरा स्पर्धक, तो कुठल्याच डिरेक्टरीत नाही. तसेच १९४० च्या कायद्याआधी आपल्याकडे ट्रेडमार्कची सरकारी नोंदवही नव्हती, त्यामुळे त्याआधीचे छाप शोधायचे तर पुन्हा जाहिरातींकडेच यावे लागते.

आता चौथे कपाट, सरकारी अहवालांचे. इथे आमच्या शोधाला वळण लागले. पुण्यात राहणाऱ्यांचे भाग्य असे की गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय इथे आहे. १९०५ पासून भारत सेवक समाजाने जमवलेल्या संग्रहाची त्याला जोड आहे. संस्था १९३० मध्ये निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. आपल्याला ते सहकारमहर्षी म्हणून माहीत असतात, पण या संस्थेच्या सुरुवातीच्या प्रकाशनांपैकी एक १९३३ मधले, पुण्यातील फळांच्या विक्रीची पाहणी! आंबा कुठून येतो, दलाल किती घेतो, बागवानाच्या हाती काय पडते. ‘मार्केट सर्व्हे’ हा शब्द आपल्या मुलांना काल-परवाचा वाटतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

तर अहवाल. मुंबई इलाख्याची गॅझेटियरे जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली तयार झाली. बेळगावचा खंड १८८४ चा, साताऱ्याचा १८८५ चा. आपण ती किल्ल्यांसाठी आणि देवळांसाठी उघडतो. पण त्यांत शेतीचे प्रकरण असते आणि जिल्ह्यात नांगर किती, गाड्या किती, बैल किती याचे आकडे असतात. बैलांना नांगरांनी भागून बघा, म्हणजे एका नांगरामागे किती बैल ते कळते. काळ्या रानात खोल नांगरट करायची तर दोन बैलांनी भागत नसे, चार, सहा, कधी आठ बैल जुंपावे लागत. म्हणून दरवर्षी नांगरटच करत नसत. कुळवावर भागवायचे आणि काही वर्षांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बैल मिळवून, एकदा नांगरायचे. आमच्याकडे याला सावड म्हणत. म्हणजे नांगर हा दर साल, दर घरी लागणारा माल नव्हताच. बाजारपेठेचे पहिले माप इथेच निम्म्याने घटले.

त्यापुढे डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्करचा अहवाल. हा इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ. हिंदुस्थानी शेती सुधारावी कशी हे सांगायला सरकारने त्याला १८८९ मध्ये बोलावले, तो देशभर हिंडला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. साहेब म्हटल्यावर आपल्या शेतकऱ्याला नावे ठेवील असे वाटते. त्याने उलट लिहिले की इथला रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसही आहे, त्याच्याकडे उणीव आहे ती साधनांची. लोखंडी नांगराबद्दलही त्याला फार उत्साह नव्हता. देशी नांगर हलका, स्वस्त, इथल्या बैलांना झेपणारा आणि गावातच दुरुस्त होणारा आहे, ही गोष्ट त्याला दिसली होती. आणि हे किर्लोस्करांच्या नांगराच्या दहा वर्षे आधी!

आता १९०३ हे साल जरा डोळ्यांपुढे आणा. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ. जिल्ह्याजिल्ह्यांत झळ कमीजास्त होती, पण दख्खनभर त्या सालात गुरे तडफडून मेली. १९०१ च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालात बैलांसाठी तगाई देण्याची चर्चा आहे ती त्यामुळेच. आता सांगा, ज्याच्या दावणीचे बैल गेले त्याच्यापुढे तुम्ही जास्त ताकदीचा, रोख पैशाचा नवा नांगर ठेवला, तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, ‘नको बाबा, जमीन नासेल.’ बैल नाहीत हे चारचौघांत सांगण्यापेक्षा ते बोलणे सोपे. हा माझा तर्क आहे. पण दोन कपाटांतली पुस्तके शेजारी ठेवल्यावर तो सुचतो. एकटे चरित्र वाचून सुचत नाही.

पाचवे कपाट गिऱ्हाइकाचे. शेतकऱ्याने आपले आत्मचरित्र लिहिले नाही, पण त्याच्याबद्दल कळकळीने लिहिणारे काही जण होऊन गेले. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ चे. ग्रंथालयात ते समाजशास्त्रात असते, मराठीचे विद्यार्थी भाषेसाठी वाचतात. मी म्हणते, व्यापार शिकणाऱ्यांनीही ते वाचावे. बलुत्याची सगळी रचना त्यात आहे. सुतार आणि लोहार वर्षभर अवजारे नीट करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य न्यायचे. म्हणजे लाकडी नांगराच्या दुरुस्तीला नगद पैसा लागतच नसे! नांगर मोडला तर सुतार घरच्यासारखा येई. लोखंडी नांगराचा भाग तुटला तर? तो कारखान्याहून मागवायचा, रेल्वेने येईपर्यंत थांबायचे, आणि पैसे रोख. वापसा गेला की पेरणी गेली. आजच्या भाषेत सांगायचे तर जुन्या मालाबरोबर आयुष्यभराची घरपोच सर्व्हिस होती आणि नव्या मालाबरोबर नव्हती. फुकटची दुरुस्ती सोडून रोखीचा नांगर घेणे हे कुठल्याही हिशेबी माणसाला जडच जाणार. शिवाय सुताराचे बलुते बंद केले तर गाडी, पाभर, कुळव कोण करील? गावाशी वाकडे घेऊन शेती होत नसते.

आणि एक पुस्तक. डॉ. हॅरोल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव घेतले आणि घर न् घर, शेत न् शेत पाहून १९१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हिशेब असा की १७७१ मध्ये गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले होते. त्या सात एकरांचेही तुकडे इकडेतिकडे विखुरलेले. (आज त्याच पिंपळे सौदागरला इमारती इतक्या दाटीने उभ्या आहेत की एकरातले तर सोडाच, गुंठ्यातले बोलायची सोय नाही. असो.) सात एकर, त्यातही तुकडे, दारात एखादी बैलजोडी, त्यातला एक बैल म्हातारा, आणि सावकाराचे देणे. हे तुमचे गिऱ्हाईक. याच्या अंधश्रद्धेची चर्चा करण्याआधी त्याची थैली बघायला हवी होती.

इथवर आल्यावर ती मुलगी म्हणाली, “आजी, तुम्ही पणजोबांची वकिली करताय. शेतकरी नवे काही घेतच नव्हते असे का नसेल?” प्रश्न रास्त होता. मला आनंदच झाला, कारण वाचनालयात माणसाने असेच भांडायला हवे. उत्तर आम्ही दुसऱ्या मालात शोधले. उसाचा चरक पूर्वी लाकडी किंवा दगडी असे. १८७० च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथे थॉमसन आणि मिल्न या निळीच्या मळेवाल्यांनी लोखंडी लाटांचा चरक काढला. तो उत्तर हिंदुस्थानात पाहता पाहता पसरला, आणि दख्खनमध्येही गुऱ्हाळात लोखंडी चरक आला. लोखंड तेच आणि शेतकरीही तोच. खाण्याचा गूळ लोखंडातून निघालेल्या रसाचा, त्याला विष चढले नाही! का? कारण रस जास्त निघत होता, तो त्याच दिवशी डोळ्यांना दिसत होता, आणि चरक भाड्याने मिळत होता, विकत घ्यावा लागत नव्हता. खोल नांगरटीचा फायदा दिसायला वर्ष-दोन वर्षे जातात, पाऊस बुडाला तर दिसतही नाही. म्हणजे शेतकरी नव्याला भीत नव्हता, जोखमीला भीत होता. आणि जोखीम परवडणे हीसुद्धा एक श्रीमंतीच आहे.

मग किर्लोस्करांचे नांगर पुढे खपले कसे? कारण ते खपले, आणि भरपूर खपले, यात शंका नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८, विलायती माल येणे मुश्किल झाले, त्यामुळे देशी कारखान्याला मैदान मोकळे मिळाले. शेतमालाचे भाव चढले. नीरा, गोदावरी, प्रवरा यांच्या कालव्यांखाली ऊस वाढला, आणि उसाला खोल नांगरट लागतेच. कुंदा आणि हरळीने धरलेले रान मोडायला लाकडी नांगर पुरत नाही हे माझे आजोबाही मान्य करीत. ज्याच्या हाती नगद पैसा आला, त्याने लोखंडी नांगर घेतला. कारखान्याच्या मालाची यादी पाहिली तरी हेच दिसते. नांगरामागून उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप. ही सगळी नगदी पिकाची लेकरे! लक्ष्मणरावांचे मोठेपण मला यात दिसते. शेतकऱ्याच्या हाती पैसा कुठून येतो हे त्यांनी ओळखले आणि त्या वाटेवर जाऊन उभे राहिले. ‘अडाण्यांना शहाणे केले’ या गोष्टीपेक्षा ही गोष्ट त्यांनाही जास्त शोभते, असे मला वाटते.

आणि शेवटचा आकडा, जो पाहून आम्ही दोघीही गप्प झालो. १९५१ मध्ये, म्हणजे पहिल्या नांगरानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, भारतात लोखंडी नांगर होते सुमारे ९ लाख ३० हजार आणि लाकडी नांगर ३ कोटी १८ लाख. शंभरात तीनसुद्धा नाहीत! कंपनीच्या इतिहासात ही यशाची पन्नास वर्षे आहेत, देशाच्या आकड्यात तीन टक्केही नाहीत. दोन्ही खरे आहे. एक कारखाना भरभराटीला येऊ शकतो आणि तरी बाजारपेठ जवळजवळ सगळी बाहेरच राहू शकते. अर्थात देशाचा आकडा सगळ्या प्रांतांना सारखा लागू होत नाही. भाताच्या चिखलणीला हलका लाकडी नांगरच बरा, हे कोकणातला कोणीही सांगेल. म्हणून असा आकडा मिळाला की त्याच्या खाली जाऊन प्रांताचा, मग जिल्ह्याचा आकडा शोधायचा. आणि कुठेच ‘अज्ञान’ असा रकाना नसतो, हे लक्षात ठेवायचे.

जाता जाता एक आणखी कपाट सांगते, कारण ते फार कमी जणांना ठाऊक असते. १९२३ पासून आपल्याकडे टॅरिफ बोर्ड होते. परदेशी मालावर जकात बसवून देशी धंद्याला संरक्षण द्यावे का, याबद्दल ते सरकारला शिफारस करी. संरक्षण मागणाऱ्या कारखानदारांना बोर्ड प्रश्नावली पाठवी. कच्चा माल कुठून, मजुरी किती, माल पडतो केवढ्याला. आणि ही साक्ष छापली जाई! एरवी कारखानदार जे घरच्यांनाही सांगणार नाही ते तिथे छापील मिळते. काचधंद्याच्या चौकशीचा अहवाल १९३२ चा आहे. आपल्याकडे तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला होता, ओगलेवाडीला ओगल्यांचा १९१६ मध्ये. ‘प्रभाकर’ कंदील आपल्यापैकी कित्येकांच्या घरी होता. बोर्डाने या धंद्याला संरक्षण द्यावे अशी शिफारस केली, पण सोडा अॅश देशात होत नाही या कारणाने सरकारने १९३५ मध्ये ती नाकारली. कंदिलाची काच महाग का पडत होती, याचे उत्तर कारखान्याच्या गौरवग्रंथापेक्षा इथे जास्त नीट मिळते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे संगणकावर मिळत नाही का? पुष्कळ मिळते. गॅझेटियरे मिळतात, व्होल्कर मिळतो, ‘गावगाडा’ही मिळतो. २००६ पासून कंपन्यांची कागदपत्रे सरकारच्या संकेतस्थळावर फी भरून पाहता येतात. मी स्वतः घरबसल्या वाचते, गुडघ्यांची कृपा! पण संगणकाला तुम्ही जे विचाराल तेच तो देतो. ‘लोखंडी नांगर’ विचारले तर तो दुष्काळ आयोगाचा अहवाल पुढे करणार नाही. तो शेजारच्या फळीवर दिसावा लागतो, किंवा एखाद्या जुन्या ग्रंथपालाने “बाई, हेही बघा” म्हणून आणून द्यावा लागतो. आमच्या बाबतीत तसेच झाले. आणि संगणकावर चढलेल्या प्रतींच्या कित्येकपट कागद अजून फडताळांत पडून आहे. तो टिकेलच असे नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरले आणि जुनी पुस्तके भिजून लगदा झाली. त्याच कृष्णेच्या पाण्याने, जिच्या काठी हे नांगर चालले. त्यांत काय काय गेले, हे आता कोण सांगणार?

त्या मुलीच्या प्रकल्पातली ओळ बदलली. ‘ग्राहकाचे अज्ञान’ खोडून तिने लिहिले, ‘ग्राहकाकडे रोख पैसा, बैल आणि दुरुस्तीची सोय नव्हती, फायदा अनिश्चित होता. विषाची समजूत सांगितली जाते, परंतु जुन्या नांगरालाही लोखंडी फाळ होताच.’ मार्क किती मिळाले ते मी विचारले नाही. मला ती ओळच पुरे होती.

एक विनंती मात्र आहे, विशेषतः आमच्या नातेवाईक मंडळींना. आपल्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात काही कागद असतील. अवजारांच्या किंवा खताच्या दुकानाची पावती, कारखान्याचे कॅटलॉग, कॅलेंडर, एजंटाचे पोस्टकार्ड, सुताराला किती पायल्या दिल्या याची वही, सोसायटीचे पासबुक. रद्दीत घालू नका. कंपन्यांनी आपले इतिहास लिहून ठेवले, सरकारने अहवाल छापले, पण घेणाऱ्याचा कागद कोणीच जपला नाही, म्हणून त्याच्या नावाने हवे ते लिहिता येते. एक फोटो काढून मला पाठवा, आणि मूळ कागद जवळच्या एखाद्या जुन्या वाचनालयाला द्या. कोणाकडे लोखंडी नांगर पहिल्यांदा कधी आला, किती जणांत मिळून घेतला, पैसे कुठून आणले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जरूर लिहा. विचारण्यासारखी माणसे आता थोडी उरली आहेत.